पाठ होतं, पण लिहिता येत नाही

मैत्रिणींनो, बैठकीत हप्ते-व्याजाचं काम उरकलं की मुलांच्या शाळेचा विषय निघतोच. गणित-इंग्रजीसाठी आपण पोटाला चिमटा काढून शिकवणी लावतो. इतिहास-भूगोलाचं नाव निघालं की म्हणतो, "त्यात काय, पाठ केलं की झालं!" मग सहामाहीची गुणपत्रिका येते आणि समाजशास्त्रापुढे तीस-बत्तीसचा आकडा दिसतो.

घोळ त्या "पाठ केलं की झालं" मध्येच आहे. दहावीला हा विषय 100 गुणांचा असतो. इतिहास-राज्यशास्त्राचे 40 आणि भूगोलाचे 40 गुण लेखी, तर 20 गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. पेपरात नुसती सनावळी विचारत नाहीत. 'सकारण स्पष्ट करा', 'भौगोलिक कारणे लिहा' असे प्रश्न असतात. नकाशा आणि आलेखही असतो, पण तो बरीच मुलं सरळ सोडून देतात. घरात कधी नकाशाच पाहिला नाही, तर करणार काय?

दुसरी गोष्ट भाषेची. घरी आपण आगरी बोलतो, कुणी कातकरी, कुणी ठाकरी. पुस्तकात 'उपयोजित', 'वस्तुनिष्ठ', 'पर्जन्यछाया'. अर्थ न कळताच पोर घोकतं, आणि मधला एक शब्द विसरला की अख्खं उत्तर जातं. गाईडातून घोकलं तरी तेच.

भूगोलात भारताबरोबर ब्राझील आहे. माझी मुलगी चिडून म्हणायची, "आई, मला काय करायचाय ब्राझील?" तिथल्या ईशान्य भागात डोंगराळ प्रदेशाच्या आड पाऊस कमी पडतो, हे काही तिच्या डोक्यात राहीना. मग मुरबाडची तिची मावशी म्हणाली, "अगं, आपला माळशेज घाट बघ की. अलीकडे धो धो पाऊस, घाट चढून जुन्नरकडे गेलीस की कमी. ढग डोंगराला अडतात, इथेच रिकामे होतात." तीच पर्जन्यछाया. ते उत्तर तिला परत पाठ करावं लागलं नाही.

आपल्याकडे अशी उदाहरणं पावलोपावली आहेत. भातसा, तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. का, हे लेकराला विचारा. कल्याणजवळची 27 गावं 2002 साली महापालिकेतून बाहेर काढली, 2015 ला पुन्हा आत घेतली. ग्रामपंचायत आणि महापालिका यांत फरक काय, घरपट्टी कोण घेतं, हे त्या गावांतल्या बायांइतकं कोण सांगेल? कल्याणच्या खाडीकाठचा दुर्गाडी दाखवा आणि शिवरायांना आरमारासाठी हीच जागा का सोयीची वाटली असेल, ते विचारा. आपल्याला वाचता येत नसलं तरी चालतं. "तू मला समजव" एवढंच म्हणा. समजावताना कुठे अडतं ते तिचं तिलाच कळतं.

हजेरीचंही बघायला हवं. लावणीला आणि कापणीला पोरं शेतावर असतात, दिवाळीनंतर काही कुटुंबं वीटभट्टीवर जातात. कल्याण-डोंबिवलीच्या चाळीत आई पहाटेची लोकल पकडते आणि थोरली धाकट्यांना सांभाळते. गणिताचा बुडालेला धडा निदान शिकवणीत भरून निघतो. इतिहासाचा तसाच राहतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एकदम अंगावर येतो.

दहावीत मुलगी अडकली की बऱ्याच घरांत लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणून हेही माहीत असू द्या: एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. फॉर्मची तारीख शाळेतून विचारून घ्या आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा.