स्वस्त हत्यारांची महागाई
घरच्या गॅरेजात कामाची हौस भागविताना आपणही कधी शंभर नगांचा स्वस्त संच घेतला असेल. मी घेतला, आणि पस्तावलो. त्यातील ड्रिलची बिटे साध्या कार्बन पोलादाची होती. दाराच्या लोखंडी पट्टीला चौथे भोक पाडताना बिटाचे टोक निळे पडले. असे पोलाद सुमारे २५० अंश सेल्सिअसपलीकडे तापले की त्याचे पाणी उतरू लागते. टंगस्टन वा मॉलिब्डेनमयुक्त हायस्पीड पोलाद मात्र ६०० अंशांच्या आसपासही कठीण राहते. हे ठाऊक नसल्याने बोथट बिट मी जोराने रेटले. ते मोडले व तुकडा चष्म्यावर आदळला. चष्मा वाचण्याचा होता. डोळा वाचला, हे केवळ दैव! आता हायस्पीड पोलादाची पाचच बिटे मी बाळगतो. उरलेला संच, मुलांच्या हाती लागू नये म्हणून, माळ्यावर पडून आहे.