‘खाली या’ म्हणजे कुठवर?

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीची रांग उभी आहे. नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंतचे हे डोंगर पावसाळ्यात भर दुपारीही ढगांत बुडालेले असतात. रात्रीची तर गोष्टच नको. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र उलटून दहाएक मिनिटे झाली असता, बँकॉकहून मुंबईस येणारे अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळ डोंगरावर आदळले. प्रवासी ८५ आणि कर्मचारी ९, अशी ९४ माणसे विमानात होती. एकही वाचले नाही. चौकशीच्या इंग्रजी कागदांत त्या डोंगराचे नाव ‘दवंड्याची’ असे आहे. टक्कर झाली ती सुमारे ३६०० फूट उंचीवर, माथ्याच्या अवघे चारपाच फूट खाली. मुंबई तेथून चौऱ्याऐंशी किलोमीटर दूर होती.

आपण मुंबईच्या जवळ पोहोचलो असे समजून वैमानिक वेळेआधी खाली आला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. त्या निष्कर्षाशी आम्हांस भांडायचे नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विमान मुक्याने आदळलेले नाही. मुंबईच्या नियंत्रकाशी त्याचे बिनतारी यंत्रावर बोलणे चालू होते. सरळ धावपट्टीकडे यायचे की फेरा घेऊन यायचे, असा विषय होता. दोन्ही बाजूंस एकमेकांचे शब्द ऐकू येत होते. मग बोलणे चालू असताना डोंगर मध्ये कसा आला?

उत्तर ‘खाली या’ या परवानगीच्या अर्थात आहे. नियंत्रक अमुक उंचीपर्यंत खाली येऊ देतो, तेव्हा त्याचा मुख्य अर्थ असा की, त्या वाटेवर दुसरे विमान तुम्हांस आडवे येणार नाही. विमान नेमके कोठे आहे हे नियंत्रक रडारवर पाहून स्वतः दिशा देत नसेल, तर खालच्या डोंगराची जबाबदारी वैमानिकाचीच राहते. नियंत्रकाला विमान दिसत नाही. वैमानिक सांगेल ती जागा तो खरी धरतो. तिकडे थकलेल्या, परक्या मुलखातल्या वैमानिकाच्या कानाला तीच परवानगी ‘वाट मोकळी आहे’ अशी लागू शकते. शब्द एकच, पण एकाच्या मनात विमाने आणि दुसऱ्याच्या मनात जमीन.

याहून सरळ चूक १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ झाली. फ्लाइंग टायगर कंपनीचे मालवाहू विमान उतरत होते. नियंत्रकाने ‘टू फोर झीरो झीरो’पर्यंत, म्हणजे २४०० फुटांपर्यंत खाली येण्यास सांगितले. वैमानिकाने पहिला ‘टू’ हा आकडा न समजता ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द समजला, आणि ‘ठीक, फोर झीरो झीरो’ असे उत्तर दिले. चारशे फूट! उलट सांगितलेले ऐकून नियंत्रकाने तेथेच टोकायला हवे होते. ते राहून गेले. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र ओरडत राहिले, पण त्यावरही काही झाले नाही. चौघे मेले.

आकडा उलट म्हणून दाखवण्याची ही रीत आमच्या ओळखीची आहे. गोदीत माल उतरवताना खलाशी ‘आरिया’ म्हणाला की खाली आणि ‘हाबेस’ म्हणाला की वर. हे शब्द कानाला इतके वेगळे आहेत की, गोंगाटातही घोटाळा होऊ नये. विमानाच्या भाषेतही असेच निवडून शब्द ठेवलेले आहेत. ‘रॉजर’ म्हणजे तुमचा निरोप पोहोचला, एवढेच. ‘मी तसे करतो’ असा त्याचा अर्थ नाही, त्यासाठी ‘विल्को’ आहे. नवशिके मात्र प्रत्येक वाक्याला ‘रॉजर’ ठोकून मोकळे होतात.

स्वतःचे लहान विमान चालवणाऱ्या खाजगी वैमानिकाची अडचण याहून मोठी. शेजारी बहुधा दुसरा वैमानिक नसतो. तोच चालवतो, तोच नकाशा पाहतो, तोच बोलतो. आपल्या देशात बिनतारी यंत्रावर बोलण्याचा वेगळा परवाना काढावा लागतो. पण परीक्षेतले सावकाश बोलणे निराळे आणि गर्दीच्या विमानतळावर एका दमात आलेली दिशा, उंची व धावपट्टी निराळी. अशा वेळी ‘पुन्हा सांगा’ म्हणायचे असते. आणि नेमके तेच म्हणायला माणूस लाजतो. कारखान्यात साहेबाने इंग्रजीत दिलेला हुकूम न कळूनही मान हलवणारे कामगार आम्ही आयुष्यभर पाहिले. ते मूर्ख नव्हते, विचारण्याची त्यांना भीती होती.

२५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे विमान इंधन संपून पडले, ७३ माणसे मेली, त्यातही हीच भीड दिसते. कप्तानाने ‘संकट आहे असे सांग’ म्हटले होते. बोलणाऱ्या सहवैमानिकाने मात्र ‘इंधन संपत आले आहे’ एवढेच सांगितले. ठरलेला ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला गेलाच नाही. गर्दीत गुंतलेल्या नियंत्रकाला ती नेहमीची तक्रार वाटली असल्यास नवल नाही.

पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक व नियंत्रक यांच्या इंग्रजीची परीक्षा सक्तीची केली. २००८ पासून तो नियम लागू झाला. त्या परीक्षेत न कळलेले पुन्हा विचारून घेता येते की नाही, हेही पाहिले जाते. आमच्या मते त्या साऱ्या नियमात हा भाग सर्वांत मोलाचा आहे. मात्र पुन्हा विचारणाऱ्यावर मनोऱ्यातून कोणी खेकसला, तर तो दुसऱ्यांदा विचारणार नाही. आणि खेकसण्याची परीक्षा अजून कोणी घेत नाही.