साखरेच्या हिशेबात नसलेली नावे

संक्रांतीच्या दिवशी आमच्या लष्करातील मराठी घरांत दोन वाट्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एकीत घरी वळलेला तिळगूळ, दुसरीत मुरैन्याची गजक. शिंद्यांच्या काळी इकडे आलेल्या आपल्या पूर्वजांनी मुलखाशी जे सख्य जोडले, त्याची ही गोड खूण होय. यंदा हळदीकुंकवासाठी दाल बाजारातून साखरेचे पोते आणले. पोत्यावर दक्षिण महाराष्ट्रातील एका कारखान्याचे नाव होते. परमुलखात मराठी गावाचे नाव वाचून मन सुखावले. कारखान्याचे नाव, वजन, हंगामाचे वर्ष, सारे काही त्यावर छापलेले होते. ज्या हातांनी तो ऊस तोडला, त्यांचा मात्र कोठेच उल्लेख नव्हता. पोत्यावर तो असणार तरी कसा, हे मला कळते. परंतु पुष्कळदा तो कारखान्याच्या वहीतही नसतो, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

मी पेशाने मुख्याध्यापक. वहीतील नावांशी माझा रोजचा संबंध. दसरा उलटला की आमच्या सरकारी शाळेच्या हजेरीपटावर काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. एका मुलाच्या वडिलांना मी कारण विचारले. ते खाली मान घालून म्हणाले, ''मास्साब, पेशगी ले ली है, अब तो जाना ही पड़ेगा।'' वीटभट्टीवर जाण्यासाठी पावसाळ्यातच घेतलेले पैसे घरखर्चात संपले होते. त्या मुलाचे नाव पुढे होळीपर्यंत तसेच राहिले. इकडे जिला पेशगी म्हणतात, तिलाच मराठवाड्यात उचल म्हणतात.

ऊसतोडणीचा सारा व्यवहार या उचलीवर उभा आहे. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा अवर्षणग्रस्त भागांतून दरवर्षी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात तोडणीसाठी जातात. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार करतो, पैसा मुकादमाकडे येतो, मुकादम तो जोडप्यांना वाटतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. म्हणजे माणसांची गणती अवजाराच्या नावाने होते, आणि स्त्रीची मजुरी नवऱ्याच्या हिशेबात जमा होते. पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची आणि रात्री फडाजवळच्या कोपीत अंग टाकायचे. एक दिवस आजारपणात गेला तर मजुरी बुडतेच, वर 'खाड्या'चा दंड उचलीच्या खात्यावर चढतो. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर बाकी पुढील वर्षावर जाते, आणि माणूसही त्या बाकीबरोबर पुढील वर्षाला बांधला जातो.

या दंडाची सर्वांत क्रूर किंमत स्त्रियांनी मोजली. बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. दुखणे अंगावर काढणे, स्वच्छतेची सोय नसणे आणि खाडा न परवडणे, यांतून कित्येक तरुण स्त्रिया त्या निर्णयापर्यंत ढकलल्या गेल्या.

याला गुलामगिरी म्हणावे काय? उचल घेणे हा काही गुन्हा नव्हे, आणि प्रत्येक तोडणीवाला वेठबिगार आहे असेही नव्हे. परंतु कर्जापायी काम सोडण्याची मुभा उरली नाही, की कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. घटनेच्या 23 व्या कलमाने वेठबिगारीला मनाई केली आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्दबातल ठरविले. 1982 मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हेही सक्तीचे श्रमच होत. कंत्राटदारावर बोट दाखवून मूळ मालकाला आपली सुटका करून घेता येणार नाही, हेही त्याच निकालाने बजावले.

हा शेवटचा मुद्दा आज साऱ्या जगापुढे आहे. ब्रिटनने 2015 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला. वर्षाला 3 कोटी 60 लाख पौंडांवर उलाढाल असलेल्या कंपन्यांनी आपल्या कामकाजात व पुरवठ्याच्या साखळीत गुलामगिरी राहू नये म्हणून काय केले, याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावे, असे त्यात बंधन आहे. गंमत अशी, की 'आम्ही काहीही केले नाही' असे निवेदन दिले तरी त्या कलमाची पूर्तता होते! मार्च 2024 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दाखवून दिले, की कोका-कोला व पेप्सिको यांसारख्या बलाढ्य कंपन्यांना साखर पुरविणाऱ्या महाराष्ट्रातील कारखान्यांसाठी ऊस तोडणारे मजूर याच उचलीच्या पाशात आहेत. कंपन्यांच्या आचारसंहिता होत्या, प्रमाणपत्रेही होती. पण कंपनी कारखान्याकडे पाहते, कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, आणि मुकादमाच्या पलीकडे कागदच नसतो. ज्याचे नाव कोठे लिहिलेले नाही, त्याच्यावरील अन्यायाची तपासणी कोणी कशी करावी?

मराठी माणसाला यात एक बोचरी गोष्ट जाणवावी. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सावकाराच्या दारचा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला. ही क्रांतीच होती. पण ऊस पिकविणाऱ्याचे नाव सभासदांच्या यादीत चढले, आणि तोडणाऱ्याचे नाव यादीबाहेरच राहिले.

म्हणून प्रतिबंधाची पहिली पायरी मला अगदी साधी दिसते. कारखान्याने प्रत्येक तोडणीवाल्याचे, आणि स्त्रीचे स्वतंत्रपणे, नाव नोंदवावे, ओळखपत्र द्यावे, मजुरी तिच्या-त्याच्या खात्यावर जमा करावी, उचलीचा लेखी हिशेब हाती द्यावा, खाड्याचा दंड बंद करावा. साखर घेणाऱ्या कंपनीने याच वह्या मागाव्यात, आणि सुधारणेचा खर्च भावात धरावा. दोष आढळताच खरेदी थांबवून हात झटकणे हा मार्ग नव्हे. त्याने मजुराची चूलच विझते. काही पावले पडलीही आहेत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघाले आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे, आणि जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली. तरीही, जोवर वहीत नाव नाही, तोवर ही वाढ कोणाच्या पदरात पडली हे सांगणार कोण?

आपण बृहन्महाराष्ट्रीय मंडळी दूर राहून काय करणार, असे कोणी म्हणेल. आपल्यापैकी कित्येकांची मुले आज मोठ्या कंपन्यांत खरेदीच्या, हिशेबतपासणीच्या जागांवर आहेत. त्यांच्या सहीने माल येतो. तो पाठविणाऱ्याला त्यांनी मालाच्या प्रतीबरोबर मजुरांची वहीही विचारावी. घरी आपण एवढे तरी त्यांच्या कानावर घालू शकतो.

आमच्या शाळेतील तो मुलगा होळीनंतर परत आला. त्याचे नाव मी पटावरून कमी केले नव्हते. हजेरी घेताना ते उच्चारले, आणि तो ''उपस्थित'' म्हणाला.