कंबरदुखी आणि आपलं अंथरूण
"सिस्टर, कंबर धरलीय, आता फरशीवरच झोपते." सोयाबीन काढणीनंतर नायगावच्या वस्तीत हे हमखास ऐकू येतं. फरशीचा सल्ला आम्हीही वर्षानुवर्षे दिला, तो चुकला. २००३ साली स्पेनमध्ये ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांना ९० दिवस दोन प्रकारच्या गाद्या दिल्या. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर दुखणं जास्त कमी झालं.

मग महागडी गादी आणायची? नको बाई, हप्ते फेडताना कंबर पुन्हा मोडते! झोळ पडलेली बाज सोडा. गादीतल्या कापसाचे गोळे झाले असतील तर पिंजून घ्या, नाहीतर सपाट जागी दोन-तीन वाकळी अंथरा. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवा.

पाय लुळा पडला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर त्याच दिवशी नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात जा.