तळ्याच्या गाळातली पावसाची वही

उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून शेतात टाकतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. खोदताना वरच्या थराचा रंग एक, खालच्या थराचा वेगळा. आपण एवढंच बघतो की रान सुधारेल. पण हाच गाळ हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचा हिशोबही सांगतो. कसा, ते आज बघू.

पिंगळीहून परभणी, जिंतूर करत पुढं गेलं की बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार लागतं. कमळजा देवीच्या दर्शनाला आपल्यातल्या काही जणी गेल्याही असतील. आकाशातून उल्का आदळून तिथं सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला. त्याच्या तळाशी खाऱ्या पाण्याचं तळं आहे. त्या पाण्याला बाहेर वाहून जायला वाटच नाही. पावसाबरोबर माती, पानं, फुलांचे परागकण आत येतात आणि तळाशी थरावर थर बसतात.

2008 साली भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी या तळाशी पोकळ नळी घालून सुमारे 10 मीटर लांबीचा गाळ उभाच्या उभा वर काढला. त्यातला सर्वांत खालचा थर सुमारे 11 हजार वर्षांपूर्वीचा निघाला.

हे वय कळतं कसं? गाळात अडकलेल्या पानाकाडीत एक प्रकारचा कार्बन असतो. तो ठरावीक वेगानं कमी होत जातो. किती उरला, त्यावरून वय काढतात. परागकणांवरून भोवती कोणती झाडं, कोणतं गवत होतं ते समजतं. आणि कढईत मिठाचं पाणी आटवलं की जसे खडे उरतात, तसे तळं फार आटलं की गेलुसाइट नावाच्या क्षाराचे खडे तयार होतात. ते ज्या थरात सापडले, तो काळ कोरडा.

असे दोन मोठे कोरडे काळ सापडले. एक सुमारे 4600 ते 3900 वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे 2000 ते 600 वर्षांपूर्वीचा. त्या काळात पाऊस पडलाच नाही असं नाही, पण पाऊसमान शतकानुशतकं कमी राहिलं.

बायांनो, 1972 चा दुष्काळ आपल्या सासवा अजून सांगतात. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण स्वतः पाहिलं. मान्सून याहून कितीतरी जास्त काळ रुसू शकतो, हे लोणारचा गाळ सांगतो. तेव्हाचे बदल निसर्गाचे होते. आता त्यात कोळसा आणि तेल जाळून माणसानं वाढवलेल्या उष्णतेची भर पडली आहे.

म्हणून बोअरसाठी गटाकडं कर्जाचा अर्ज आला, की आधी एक प्रश्न विचारा: जमिनीत पाणी मुरवायला आपण काय केलं? बोअर पाणी तयार करत नाही, साठलेलं उपसतं.

आणि एक काम आजच करा. गटाच्या वहीत एक पान पावसासाठी ठेवा. पाऊस किती दिवस पडला, विहिरीचं पाणी किती हातांवर आहे, ते दर महिन्याला लिहा. लोणारच्या तळ्यानं न लिहिता हिशोब ठेवला. आपल्याला तर लिहिता येतं.