ओळख ऑपेराची (लेखांक ९) : दोनच भूमिकांची गायिका

गेल्या आठवड्यात मारिया कॅलसविषयी वाचलंत. तिने चाळीसहून अधिक भूमिका रंगमंचावर गायल्या. आज जिच्याविषयी लिहिते आहे, त्या कॅथलीन फेरिअरने रंगमंचावर साकारलेल्या ऑपेरातल्या भूमिका अवघ्या दोन. तरीही तिला वगळून ही लेखमाला पुरी होऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी आधी तिच्या आवाजाची जात समजून घेऊ.

ऑपेरात स्त्रियांचे आवाज ढोबळमानाने तीन : वरच्या पट्टीतला सोप्रानो, मधला मेझो-सोप्रानो आणि सगळ्यांत खालचा कॉन्ट्राल्टो. अस्सल कॉन्ट्राल्टो दुर्मीळ. तो भरदार, गडद असतो, आणि खालच्या स्वरांवरही त्याचा कस कमी होत नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या संगीतकारांनी नायिका बहुतेक सोप्रानोसाठीच लिहिल्या. कॉन्ट्राल्टोच्या वाट्याला आल्या त्या आया, दाया, चेटकिणी, भविष्य सांगणाऱ्या म्हाताऱ्या. तेव्हा अशा आवाजाच्या गायिकेने भूमिका कमी केल्या, यात तिच्या कुवतीपेक्षा लिहिल्या गेलेल्या ऑपेरांचाच दोष मोठा.

फेरिअरचा जन्म 1912 चा, इंग्लंडमधल्या लँकेशायरचा. वडील शाळामास्तर. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ती ब्लॅकबर्नच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. पियानो ती उत्तम वाजवायची. गाणं मात्र हौसेपुरतं. 1937 मध्ये कार्लाइलच्या संगीत स्पर्धेत पियानोसाठी नाव दिलं, तेव्हा नवऱ्याने एका शिलिंगची पैज लावली : गाण्यात उतरून दाखव. ती उतरली आणि दोन्हीकडे पहिली आली. पंचविसाव्या वर्षापर्यंत या आवाजाला पद्धतशीर तालीम नव्हती, हे लक्षात ठेवा.

1942 च्या अखेरीस ती लंडनला आली आणि रॉय हेंडरसन यांच्याकडे शिकू लागली. त्यांचा भर दमसासावर आणि गळा सैल सोडण्यावर. ऑपेरा गायकाला मायक्रोफोन नसतो. वाद्यवृंदाच्या पलीकडे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो श्वासाच्या आधारावर. गळा आवळून जोर लावणारा गायक फार वर्षं टिकत नाही. युद्धाच्या त्या दिवसांत फेरिअर कारखान्यांत, गावोगावच्या सभागृहांत गात फिरली. माझ्या मते तिची खरी घडण तिथे झाली. शास्त्रीय संगीताची सवय नसलेल्या श्रोत्यांसमोर गाताना शब्द स्वच्छ पोचवावा लागतो, आणि तिचा शब्द शेवटपर्यंत तसाच स्वच्छ राहिला.

बेंजामिन ब्रिटनच्या ‘द रेप ऑफ ल्युक्रेशिया’मध्ये जुलै 1946 मध्ये ग्लाइंडबोर्नला ती पहिल्यांदा ऑपेराच्या मंचावर उभी राहिली. नायिका होती, आणि तीही कॉन्ट्राल्टोसाठी लिहिलेली! पुढच्याच वर्षी त्याच मंचावर तिने ग्लुकचा ‘ओर्फेओ’ केला. ग्लुकने हा नायक 1762 मध्ये व्हिएन्नात लिहिला तो कास्त्राती गायकासाठी, म्हणजे लहानपणीच शस्त्रक्रिया करून ज्याचा आवाज फुटू दिला नाही अशा पुरुषासाठी. ती क्रूर प्रथा मागे पडली आणि पुढे ही भूमिका खालच्या आवाजाच्या स्त्रियांकडे आली. मेलेल्या पत्नीला परत आणायला पाताळात उतरणारा हा गायक-नायक फेरिअरच्या आवाजात बसला तसा क्वचितच कुणाच्या बसला असेल. त्या दुःखात आक्रस्ताळेपणा नाही, स्वर एकदाही सांडत नाही.

1947 मध्येच एडिंबरा महोत्सवात ब्रूनो वाल्टर यांच्या हाताखाली तिने मालरचं ‘दास लीड फोन डेर एर्ड’ गायलं. हा ऑपेरा नव्हे, सहा गीतांची सिंफनी आहे. तिथे अखेरच्या ओळींत रडू आल्याने तिला शेवटचा शब्द गाता आला नाही, आणि नंतर तिने वाल्टर यांची माफी मागितली. ते स्वतः मालरचे शिष्य. या संगीताचा पहिला प्रयोग त्यांनीच केला होता. त्यांनी तिला जन्मभर मानलं.

मार्च 1951 मध्ये स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि मधल्या काळात गाणं, असं दोन वर्षं चाललं. श्रोत्यांना आजाराची कल्पना नव्हती. फेब्रुवारी 1953 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली त्याच ‘ओर्फेओ’चे, इंग्रजीत ‘ऑर्फियस’ या नावाने, चार प्रयोग ठरले. 6 फेब्रुवारीच्या दुसऱ्या प्रयोगात, मंचावर असतानाच, रोगाने पोखरलेलं तिच्या मांडीचं हाड मोडलं. नेपथ्याचा आधार घेत तिने भूमिका शेवटपर्यंत गायली. उरलेले दोन प्रयोग झाले नाहीत. 8 ऑक्टोबर 1953 ला ती गेली, वय 41.

या धैर्याचं कौतुक व्हावंच. पण तिच्याविषयी लिहिताना पुष्कळ जण आजारापाशीच थांबतात, ते मला पटत नाही. तिचं गाणं सहानुभूतीच्या कुबड्यांवर उभं नाही. पडताळून पाहायचं असेल तर दोन ध्वनिमुद्रणं ऐका. पहिलं 1949 चं ‘ब्लो द विंड सदर्ली’ हे लोकगीत : एकही वाद्य नाही, नुसता आवाज. दुसरं मे 1952 मध्ये व्हिएन्नात वाल्टर यांच्यासह केलेलं मालरचं तेच ‘दास लीड फोन डेर एर्ड’. त्यातलं शेवटचं दीर्घ गीत घाई नसताना, एकाच बैठकीत ऐका.

पुढच्या आठवड्यात : एन्रिको कारुसो आणि तबकडीचा जमाना.