वखारीतून ग्रंथालयात : पहिल्या सत्राचा जमाखर्च

सांगलीच्या बाजारपेठेत आमची हळद-गुळाची आडत आहे. लग्न होऊन या घरात आले, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून पेढीची रोजकीर्द आणि खतावणी माझ्याकडे आहे. गेल्या जुलैमध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, मी ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदवीसाठी कोल्हापूरला प्रवेश घेतला, तेव्हा माझे सासरे, आमचे अण्णा, एवढेच म्हणाले, "पुस्तके मांडून ठेवायला पदवी कशाला लागते?" त्या प्रश्नात राग नव्हता. भांडवल घालायचे तर परतावा काय, हे विचारण्याची व्यापाऱ्याची सवय तेवढी होती. आता पहिल्या सत्राचा निकाल हाती आला आहे, म्हणून त्या प्रश्नाचा हिशेब मांडते.

पहिला महिना मला माहेरी आल्यासारखा वाटला. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रथम दाखल नोंदवहीत नोंद होते : क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, बिलाचा क्रमांक. हा दाखल क्रमांक त्या पुस्तकाचा कायमचा. पुस्तक हरवले तरी तो दुसऱ्याला देत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहून ते बाद करतात. मध्ये ओळ कोरी सोडायची नाही, खाडाखोड करायची नाही. आमच्या पक्क्या वहीचेच हे भावंड. माझ्या निम्म्या वयाच्या सहाध्यायिनी शंका विचारायला येऊ लागल्या आणि मला थोडा गर्वही झाला.

तो गर्व वर्गीकरणाच्या तासाला उतरला. मेल्व्हिल ड्युई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत सर्व ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग केले आहेत. त्यात हिशेबशास्त्राचा अंक ६५७, मराठी साहित्याचा ८९१.४६, जैन धर्माचा २९४.४. एके दिवशी बाईंनी सरावासाठी दहा पुस्तके दिली. त्यांत महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' होता. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात रचलेला हा ग्रंथ. त्यात अपूर्णांक आहेत, क्षेत्रफळे आहेत आणि व्याजाची, भागीदारीची, निरनिराळ्या कसांच्या सोन्याच्या मिश्रणाची व्यापारी उदाहरणेही आहेत. आपल्या आचार्यांचा ग्रंथ म्हणून मी क्षणाचाही विचार न करता २९४.४ लिहून मोकळी झाले.

बाईंनी उत्तर चूक की बरोबर हे सांगितले नाही. "हा ग्रंथ मागायला कोण येईल?" एवढेच विचारले. मी गप्प झाले. येईल तो गणिताचा अभ्यासक. तो ५१० या अंकाच्या फडताळापाशी जाईल, तिथे ग्रंथ मिळणार नाही आणि तो रिकाम्या हाताने परतेल. ग्रंथ मात्र त्याच इमारतीत, दुसऱ्या दालनात सुखरूप उभा असेल. वखारीत माल आहे, दारात गिऱ्हाईक आहे आणि पोते भलत्याच थप्पीत गेल्यामुळे सौदा होत नाही, असा प्रसंग मी पेढीवर पाहिलेला आहे. ग्रंथ कोणाचा आहे हे मी पाहिले होते. तो कोणासाठी आहे हे पाहायचे राहून गेले होते.

आपल्या देशात या शास्त्राचा पाया घालणारे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लंडनला जाऊन त्यांनी या विषयाचे शिक्षण घेतले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांतले पहिलेच सूत्र असे की, ग्रंथ असतो तो वापरासाठी. पुढची सूत्रे वाचकाला त्याचा ग्रंथ आणि ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देण्याविषयी, वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आणि ग्रंथालयाच्या सतत वाढीविषयी आहेत. परीक्षेसाठी ती पाठ करायला पाच मिनिटे पुरली. घरी लागू करायला मात्र दिवाळीची सुट्टी लागली.

आमच्या माडीवर अण्णांच्या वडिलांचे ग्रंथांचे कपाट आहे. किल्ली अण्णांच्या तिजोरीत. मी ती मागितली, ग्रंथांची यादी करून नात्यागोत्यात वाचायला द्यावेत असे सुचवले. अण्णा म्हणाले, "दिलेले पुस्तक परत येत नाही." हा त्यांचा अनुभव होता, त्याला उत्तर देणे सोपे नव्हते. मग मी त्यांना संदर्भसेवेच्या तासाला पाहिलेल्या 'जिनरत्नकोशा'विषयी सांगितले. प्रा. हरि दामोदर वेलणकर यांनी सिद्ध केलेली ही जैन ग्रंथांची आणि ग्रंथकारांची वर्णानुक्रमी सूची पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९४४ मध्ये प्रकाशित केली. भांडारांनी शतकानुशतके ग्रंथ जपले, हे त्यांचे उपकारच. पण कोणता ग्रंथ कोठे आहे हे कळले, तेव्हाच तो अभ्यासकाच्या हाती लागला. अत्तिमब्बेची आठवणही करून दिली. दहाव्या शतकातील या श्राविकेने पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या, असे परंपरा सांगते. "अण्णा, तिने त्या कुलपात ठेवल्या असत्या, तर त्याला शास्त्रदान म्हटले असते का?"

ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी किल्ली माझ्या हिशेबाच्या मेजावर होती.

कपाट उघडले तेव्हा वरचे तीन खण ठीक होते. खालच्या खणाला भिंतीकडून वाळवी लागली होती. अकरा पुस्तकांची माती झाली होती. त्यांत समासात अण्णांच्या वडिलांनी पेन्सिलीने टिपणे लिहिलेली पोथीही होती. कुलपाने माणसांना अडवले होते, वाळवीला अडवले नव्हते. अण्णा बराच वेळ ते पुठ्ठे हातात घेऊन बसले.

मी नवी वही काढली. एकूण २१४ नोंदी झाल्या. त्या अकरा पुस्तकांपाशी माझा हात थांबला. ती वगळली तर कोणाला कळणार होते? अण्णांनीच सांगितले, "लिही. बुडीत खाते लपवायचे नसते." अकरा ओळींपुढे मी 'बाद, वाळवी' असा शेरा लिहिला आणि त्या पोथीच्या ओळीत टिपणांचा उल्लेख केला. ती नाहीशी झाली, पण होती एवढे तरी वहीत राहिले.

आता रविवारी सकाळी दोन तास पेढीवर पुस्तकांची देवघेव चालते. आजवर सात घरांनी एकोणीस पुस्तके नेली. अठरा परत आली. एकोणिसावे शेजारच्या गल्लीतील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीकडे आहे. मुदत टळून पंधरा दिवस झाले. अण्णा रोज संध्याकाळी विचारतात, "आले का ते?" मी नाही म्हणते. परवा त्यांनी स्वतःच तिला रस्त्यात गाठले. आता पुस्तकांची देवघेव बंद करा म्हणतील, या भीतीने मी धास्तावले होते. घरी येऊन ते म्हणाले, "अजून वाचते आहे ती. आईलाही वाचून दाखवते. आणखी आठ दिवस दिले आहेत, वहीत लिहून ठेव."

सत्राच्या ताळेबंदात नावे बाजूही आहे. संगणकावरील तालिकीकरणात मला जेमतेम गुण मिळाले. शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात जाते आणि लेखक १०० क्रमांकाच्या, हे अजूनही बोटांच्या अंगवळणी पडलेले नाही. आठवड्यातून चार दिवस कोल्हापूरची ये-जा आहे आणि हळदीच्या हंगामात पेढीवर माझी उणीव भासते, हेही खरे. जमेच्या बाजूला त्या रविवारच्या वहीतील एकोणीस ओळी आहेत. अण्णांचा तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारलेला नाही. दुसऱ्या सत्राचे शुल्क भरायची तारीख मात्र त्यांनीच आठवणीने सांगितली.